अन् त्या बाया जेवायच्या कुठं?

जेवता जेवता गाणं ऐकायचं, मध्येच नाच बघायचा आणि चार घास पोटात गेले की स्वतःच उठून माईक हातात घ्यायचा, या प्रकाराला शहरात ‘सपर क्लब’ म्हणतात म्हणे. वर एखादी थीम. म्हणजे सगळ्यांनी सत्तर सालातले कपडे घालून यायचं, नाहीतर सगळ्यांनी लाल. टेबल आधीच राखून ठेवायचं. माझी भाची पुण्यात असते, तिला या प्रकाराची भारी हौस. तिच्यामुळे मलाही अशा एका संध्याकाळचा लाभ झाला (लाभच म्हणतो, कारण पैसे तिने भरले). ते सांगतोच पुढे.

पण आधी एक गोष्ट. हे सगळं फॉरेनचं फॅड आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं, असं जे बोललं जातं, ते मला पटत नाही. आमच्या पालमला लहानपणी ज्या पंगती बघितल्या त्या काय होत्या मग? पत्रावळी मांडल्या, मीठ-लिंबापासून वाढप झालं, तूप पडलं, की कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणायचं, “हं, होऊ द्या श्लोक.” झालं! सगळी पोरं एकदम पाण्याचा पेला शोधायला लागायची. शेवटी ज्याच्यावर नजर पडेल त्याला म्हणावाच लागायचा. काही हुकमी मंडळी असायची, त्यांचा श्लोक ठरलेला, चाल ठरलेली आणि अडखळायची जागासुद्धा ठरलेली. मग नवरा-नवरीचा घास, त्यात नाव घेणं. त्यातही एखादी काकू अशी असायची की तिचं नाव घेणं सुरू झालं की वरणाची बादली घेतलेला माणूस जागच्या जागी थांबायचा. विहिणींच्या पंगतीला बायका उभ्या राहून विहीण म्हणायच्या, आणि तिकडे ज्यांच्यासाठी म्हटली त्या विहीणबाई जेवण थांबवून डोळे पुसायच्या.

म्हणजे जेवण आहे, गाणं आहे, पाळीपाळीने उठणं आहे, आणि येत नसलं तरी म्हणायची सक्तीसुद्धा आहे. कराओके यापेक्षा वेगळं काय असतं? फक्त पंगतीत स्क्रीनवर शब्द येत नव्हते, ते शेजारचा कानात सांगायचा.

तर कराओकेबद्दल. हा शब्द जपानी, ‘रिकामा वाद्यवृंद’ अशा अर्थाचा. कोबे शहरात इनोऊए दाइसुके नावाचा एक वादक होता, हॉटेला-क्लबांमधून गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. गिऱ्हाइकं म्हणजे कंपन्यांचे साहेब लोक, सूर यथातथाच. त्यांच्या बेतानं वाजवायचं कसब त्याच्याकडे होतं. एकदा एका साहेबाने त्याला म्हटलं, आम्ही बाहेरगावी सहलीला निघालोय, तूही चल साथीला. याला जमेना. तेव्हा त्याने साहेबाच्या गाण्यांची नुसती साथ टेपवर वाजवून दिली. त्यातून १९७१ साली त्याने नाणं टाकून चालणारं यंत्र तयार केलं, आणि पेटंट काही घेतलं नाही. पुढे २००४ साली त्याला इग नोबेल पुरस्कार मिळाला, तोही शांततेचा! (एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल. आमच्या गल्लीतल्या कराओकेवाल्यांना हे कुणीतरी सांगा.)

गोष्ट गमतीची आहे, पण मला त्यातली एक बाब फार दिवस खुपते आहे. कराओकेचा जन्म झाला तो साथीदार खोलीत हजर नसताना. पाहुणा मंचावर गेला आणि वादक टेपमध्ये गेला. आता त्याला गाडीखर्च नको, बिदागी नको, आणि मुख्य म्हणजे त्याला जेवायला कुठे बसवायचं हा प्रश्नच मिटला.

हा प्रश्न किती जुना आणि किती अवघड आहे हे मला त्या पुण्याच्या संध्याकाळी कळलं.

थीम होती सत्तरचं दशक. भाचीने मला मोठ्या कॉलरचा शर्ट घ्यायला लावला. माझ्याकडे खरा त्या काळातला होता, पण पोटापाशी त्याचं आणि माझं जमेना. आत अंधार, टेबलावर लाल दिवे, कोपऱ्यात जुना फिलिप्सचा रेडिओ शोभेला ठेवलेला. तो बघून मला आमच्या वाड्यातल्या रेडिओची आठवण आली, पण तो चालायचा. जेवण बरं होतं. ‘मराठवाडा स्पेशल’ म्हणून एक आमटी होती. तिचा येसराशी संबंध शोधायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. असो. सूत्रसंचालन करणारा पोरगा मात्र हुशार. कोण लाजतंय, कोण लाजायचं नाटक करतंय, हे त्याला बरोबर कळायचं. टेबलाटेबलावरून माणसं उठत होती. एक आजोबा मुकेश गायले, बेसूर पण जीव तोडून. दोन मैत्रिणी मध्येच हसायला लागून खाली बसल्या. एका बाईंनी ‘नटरंग’मधली लावणी घेतली, पन्नाशीच्या असतील, आणि दुसऱ्या कडव्याला पदर खोचून दोन गिरक्यासुद्धा घेतल्या. सगळं हॉटेल टाळ्या वाजवत होतं. त्यांचे यजमान मोबाइलवर शूटिंग करत होते. मला मनापासून आनंद झाला. हे मी खरंच सांगतो, टोमणा नाही. आमच्या आईच्या पिढीतली एकही बाई चारचौघांत असं उठू शकली नसती.

मधल्या वेळात कॅबरे. पिसं लावलेली, चमचमत्या कपड्यातली एक मुलगी आली. तीन गाण्यांवर नाचली. नाचली उत्तम. टेबलांच्या मधल्या अरुंद जागेतून, हातात प्लेट घेतलेल्या वेटरला धक्का न लावता नाचणं हे येरागबाळ्याचं काम नाही. तीही मधल्या दोन-चार टेबलांवरच्या लोकांना हात धरून उठवत होती, हसवत होती. सगळं खेळीमेळीत. कुणी काही वावगं वागलं नाही.

नंतर मी हात धुवायला गेलो तर स्वयंपाकघराच्या दाराजवळ जिन्याच्या पायरीवर ती बसली होती. त्या कपड्यांवर स्वेटर घातलेला, मांडीवर डबा. शेजारी ड्रम वाजवणारा पोरगा, त्याच्याही हातात डबा. मला बघून तिने डबा किंचित बाजूला केला. आपण कुणाचं जेवताना बघतो तेव्हा तेही आणि आपणही संकोचतो, तसं झालं. मी परत येऊन बसलो तर आमच्या टेबलावर गुलाबजाम आले होते आणि दोन जास्तीचे होते.

भाचीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “मामा, स्टाफ असाच जेवतो सगळीकडे.” खरं आहे तिचं. वेटरही असेच जेवतात. पण वेटर आपला हात धरून आपल्याला मंचावर नेत नाही ना! जी बाई आत्ता आपल्यात मिसळली होती, जिच्या मिसळण्याचेच आपण पैसे दिले होते, ती गाणं संपल्याबरोबर दाराच्या पलीकडची झाली. या संध्याकाळी पाहुण्याला कलाकार होता येतं, पण कलाकाराला पाहुणा होता येत नाही. माझं सगळं म्हणणं याच एका वाक्यात आहे, पुढचं नुसतं पाल्हाळ समजा :-)

कॅबरे या शब्दाची आपल्याकडे फार वाट लागली. पॅरिसमध्ये १८८१ साली ‘ल शा न्वार’, म्हणजे ‘काळं मांजर’, नावाचं दुकान निघालं. तिथून या प्रकाराची सुरुवात धरतात. तिथे कवी येऊन आपल्या कविता म्हणायचे, चित्रकार बसायचे, गाणारे गायचे, आणि कोण प्रेक्षक आणि कोण कलाकार याचा पत्ता लागायचा नाही. आपल्याकडे तो शब्द पोचेपर्यंत त्याचा अर्थ एवढाच उरला : हेलन. ‘कारवाँ’ आला तोही १९७१ साली, म्हणजे इनोऊएच्या यंत्राच्या जोडीनेच. त्यातल्या गाजलेल्या कॅबरेत आवाज आशाबाईंचा आणि अंग हेलनचं. आशाबाईंचा आवाज घरोघरी रेडिओवर चालला. हेलनचं नाव मात्र कुणी चांगल्या घरात घेतलं की मोठी माणसं खाकरायची.

लावणीचंही आपण हेच केलं. सुलोचना चव्हाणांनी अंगभर पदर घेऊन, एका जागी उभं राहून लावणी गायली आणि काय गायली! आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदराशिवाय काही नाही. पण आपण श्रोत्यांनी त्यांच्यामुळे एक सोय करून घेतली : आवाज घरात, नाच पडद्यावर. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली लागला तेव्हा पुण्यातल्या विजयानंद टॉकीजला तो दोन वर्षांहून जास्त चालला. बायकापोरांसकट लोकांनी पाहिला. सिनेमात लाज वाटून घ्यायला तिघं-चौघं असतात, त्यामुळे कुणाच्याच वाट्याला फार येत नाही. संगीत बारीत मात्र गाणारी तीच, नाचणारी तीच, समोर बसून डोळ्याला डोळा देऊन अदा करणारीही तीच. म्हणून सगळी लाज एकटीच्या अंगावर.

ज्यांना संगीत बारी म्हणजे काय हे माहीत नाही (आमच्या नात्यातल्या सगळ्या पुरुषांना माहीत आहे आणि सगळे माहीत नाही म्हणतात) त्यांच्यासाठी थोडक्यात. ढोलकीच्या फडात गण, गवळण, बतावणी, वग, असा मोठा तमाशा असतो, तो गावोगाव फिरतो. संगीत बारी त्याहून वेगळी. तिथे बायकांच्या पार्ट्या असतात, सोबत ढोलकी, तबला, पेटी. चौफुला, मोडनिंब, जामखेड अशा ठिकाणी त्यांची कला केंद्रं आहेत. थिएटरात एकेका पार्टीची पाळी येते, ती आपल्या लावण्या करते. ही पाळी म्हणजेच बारी. आणि कुणाला निवांत ऐकायचं असेल तर वेगळ्या खोलीत बैठक. तिथे फर्माईश करायची, दाद द्यायची, दौलतजादा करायची. जाणकार गिऱ्हाईक असेल तर एकेक ओळ दहा-दहा अदांनी करून दाखवतात. यमुनाबाई वाईकर या परंपरेतल्या. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे बघा, समोरासमोर बसलेले थोडे लोक, फर्माईश, गाणं, नाच, गप्पा. याला लाल दिवे लावले आणि इंग्रजी नाव दिलं की भाचीच्या हॉटेलात फार फरक राहात नाही.

सरकारलाही हे ठाऊक आहे. मुंबईत करमणुकीच्या जागांना परवाने देण्यासाठी १९६० सालचे जे नियम आहेत, त्यांच्या लांबलचक नावातच कॅबरे, मेळे आणि तमाशे हे तिन्ही शब्द ओळीने आलेत. कारकुनाने एका दमात लिहून टाकलेली ती ओळ मला आपल्या सगळ्या सांस्कृतिक चर्चांपेक्षा जास्त खरी वाटते.

आणि तरीही फरक केला गेलाच. २००५ साली राज्याने डान्स बारवर बंदी आणली, ऑगस्टच्या पंधरा तारखेपासून ती लागू झाली. तेव्हा पेपरांतून रोज रकाने भरून येत. पण त्या कायद्यातली एक तरतूद फार थोड्या लोकांनी नीट वाचली. बंदी होती ती परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नाचाला. तीन तारे किंवा त्याहून वरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना, क्लबांना सूट होती. तोच नाच, तीच गाणी, कदाचित तीच मुलगी, पण खालच्या मजल्यावर अश्लील आणि वरच्या मजल्यावर पर्यटनाला चालना! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये या भेदभावावर बोट ठेवून बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. मग २०१४ ची दुरुस्ती, मग तिला स्थगिती, मग २०१६ चा नवा कायदा, आणि त्यातल्या बऱ्याच अटी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकल्या. नोटा उधळायला मनाई मात्र कायम राहिली, हातात बक्षिसी द्यायला हरकत नाही असं ठरलं. उधळणं आणि देणं यातला फरक न्यायालयाला सांगावा लागला, यावरून आपण ओळखावं.

डान्स बार बंद झाले तेव्हा आमच्याकडे चहाच्या टपरीवर बहुतेक लोक खूश होते. मी नव्हतो, पण माझ्याकडे तेव्हा मांडायला मुद्दे नव्हते. आजही मी डान्स बारची वकिली करत नाहीये. तिथे कर्जात, धाकात अडकलेल्या मुली होत्याच. माझी तक्रार एवढीच आहे की त्या बंदीने बघणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही. तो दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गेला.

आता जरा आमच्या बाजूला येऊ. पालमच्या आम्हा लोकांना कॅबरे-बिबरे माहीत नव्हतं, पण माळेगाव होतं. लोहा तालुक्यातलं खंडोबाचं माळेगाव, मार्गशीर्षातली यात्रा. घोडे, गाढवं, उंट, गुरं, आणि ओळीने लागलेले तमाशाचे तंबू. आता तिथे नांदेड जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सवही होतो. आमच्या घरातून यात्रेला सगळे जायचे, पण वाटा वेगळ्या. बायका देवाकडे आणि मग बांगड्यांकडे, पुरुष जनावरांच्या बाजारातून थेट तंबूकडे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, चुकलो, आणि फिरत फिरत एका तंबूच्या मागच्या बाजूला पोचलो. तिथे तीन दगडांची चूल, आणि एक बाई भाकरी थापत होती. तोंडाला अर्धा रंग लावलेला, म्हणजे कपाळ आणि गाल गोरेपान आणि मान, हात आपल्यासारखे. तिने मला विचारलं, कुणाचा रे तू? मी नाव सांगितलं. तिने भाकरीचा चतकोर आणि त्यावर ठेचा दिला. मी खाल्ला. घरी आल्यावर हे सांगितलं तर आजीने मला विहिरीवर नेऊन अंघोळ घातली. ठेच्यानं तोंड पोळलं होतं ते वेगळंच.

आजीला दोष देत नाही. ती ज्या काळात वाढली त्यात ते तसंच होतं. पण त्याच रात्री आजोबा त्याच तंबूत पुढच्या रांगेत बसलेले असणार, आणि त्यांना परत आल्यावर कुणी अंघोळ घातली नव्हती.

हे आपलंच आहे असंही नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२०च्या दशकात ‘कॉटन क्लब’ नावाचा फार प्रसिद्ध क्लब होता. जेवण, नाच, गाणी, सगळं. ड्यूक एलिंग्टन १९२७ पासून तिथे आपला वाद्यवृंद घेऊन वाजवायचा. वाजवणारे, नाचणारे सगळे काळे, आणि टेबलावर बसायला परवानगी फक्त गोऱ्यांना. हार्लेम काळ्यांची वस्ती, म्हणजे ज्या गल्लीत राहायचं तिथल्याच क्लबात पुढच्या दाराने जायची सोय नाही.

आता हा सगळा पाल्हाळ का लावलाय ते सांगतो. आमच्या दाजींची एकसष्टी पुढच्या महिन्यात आहे, पालमलाच. आणि भाचीच्या डोक्यात आलंय की तुला वगैरे सगळं सकाळी उरकून घ्यायचं, आणि संध्याकाळी तसाच कार्यक्रम करायचा. मंगल कार्यालयात गोल टेबलं, सत्तरच्या दशकातली थीम, कराओके, आणि मध्ये अर्धा-पाऊण तास संगीत बारीची खरी पार्टी. हॉटेलातली नाही, यूट्यूबच्या ट्रॅकवर नाचणारी नाही, स्वतः गाणारी. दाजींना लावणी आवडते हे सगळ्या गावाला माहीत आहे, ताईलासुद्धा.

कराओकेला कुणाचाच विरोध नाही. उलट तालमी सुरू आहेत. ताई, जिने आयुष्यात देवघराबाहेर गाणं म्हटलं नाही, ती मोबाइलला स्पीकर लावून रोज दुपारी आशाबाईंचं एक गाणं घोटतेय. धाकट्या सुनेने लावणीवर नाच बसवायला परभणीहून शिकवणारी लावली आहे, त्याचे कपडेही भाड्याने आणणार आहेत. त्यालाही विरोध नाही. विरोध आहे तो त्या पार्टीला. काका म्हणाले, “अरे, गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हाईल का? पाव्हणे येऊ लाले, लेकीबाळी येऊ लाल्या, अन् तुम्ही बारी बोलवू लालाव!”

म्हणजे सुनेने लावणी केली तर कौतुक, आणि जिच्या आईने, आजीने ती लावणी जपली तिने केली तर तोंड लपवायची वेळ. मी काकांना हे बोललो. काका माझ्याहून मोठे आहेत, आणि त्यांचा मुद्दा सगळाच खोटा नाही, म्हणून तो इथे देतो. ते म्हणाले, तुमच्या पोरी नाचतील आणि घरी जातील. त्या बाया नाचतील तेव्हा खाली बसलेल्यांतले चार जण उठून नोटा काढतील, शिट्ट्या मारतील. आपल्या दारात आपण एखाद्या बाईचा अपमान करायला लोक गोळा करायचे का?

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण ते चार जण कोण हे मला नावानिशी सांगता येईल.

आणि दुसरीही एक अडचण आहे. ‘कला, परंपरा’ असं म्हणून आपण फार लवकर भावुक होतो. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं. ज्याने ते वाचलंय त्याला या कलेबद्दल नुसतं गोड गोड बोलता यायचं नाही. घर चालवायला मुलीला नाचायला लावायचं, तिचं लग्न होऊ द्यायचं नाही, तिच्या कमाईवर भावांनी बसून खायचं, हे सगळं त्यात आहे. लावणीची दाद देताना आपण त्याचीही दाद देतो का, हा प्रश्न राहतोच. पण त्यावरचा उपाय त्यांना न बोलावणं हा नाही. न बोलावून आपले हात स्वच्छ राहतात, त्यांचं पोट भरत नाही. भूषण कोरगावकर यांनी २०१४ साली ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिलं, आणि सावित्री मेधातुल यांच्याबरोबर त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रमही केला. शकुंतलाबाई नगरकर त्यात लावणी करतात. समोर बायका बसलेल्या असतात, त्यांनाही अदा करून दाखवतात. म्हणजे शहरात बायका तिकीट काढून बघतात. पालमच्या बायकांनी का बघू नये? माझ्या मते त्यांनीच आधी बघावं. पुढच्या दोन रांगा बायकांच्या ठेवल्या की मागच्या शिट्ट्या निम्म्या आपोआप बंद होतात.

आमचा हा वाद चालू असताना आई शेंगा सोलत बसली होती. ती अशा चर्चेत कधी पडत नाही. मध्येच तिने विचारलं, “अन् त्या बाया जेवायच्या कुठं?”

कुणी काही बोललंच नाही. भाचीच्या यादीत फुलं होती, दिवे होते, कराओकेच्या गाण्यांचा क्रम होता, फोटोसाठी जुनी स्कूटर आणायची होती. हे नव्हतं. काका म्हणाले, त्यांचं पार्सल देऊ. आई म्हणाली, “पार्सल कशाला? आपल्या घरी आल्या मनल्यावर पंगतीला बसू द्या की.” आणि परत शेंगा सोलायला लागली. माझी आई, त्या अंघोळ घालणाऱ्या आजीची सून.

परवा मी त्या पार्टीच्या मालकीणबाईंना फोन केला. नंबर एका ढोलकीवाल्याकडून मिळाला. बाई बोलायला अगदी व्यवहारी. सात माणसं येतील म्हणाल्या, तिघी आम्ही आणि बाकी वाजवणारे, ड्रायव्हर धरून. कपडे बदलायला खोली लागेल, आतून कडी लागणारी. स्पीकरवाला ढोलकीचा आवाज खाणार नाही असा बघा. बिदागी निम्मी आधी, निम्मी कार्यक्रमाच्या आधी, नंतर नको. मी म्हटलं, नोटा उधळायच्या नाहीत असं आम्ही पाहुण्यांना सांगणार आहोत, कुणाला काही द्यायचं असेल तर पाकिटात द्यायचं. त्या म्हणाल्या, “लई बेस, दादा. वेचायला वाकावं लागतं, कंबर जाते.” मग मी जेवणाचं विचारलं. “आमचं काय, आम्ही वाटेत बघतो.” मी म्हटलं, नाही, घरच्यांबरोबर टेबलावर. थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग विचारलं, “कार्यक्रमाच्या आधी का नंतर?” मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. म्हणाल्या, “नंतरच बरं, भरल्या पोटी गळा चालत नाही. पर मंग रंग पुसून बसतो. अन् वांग्याची भाजी असंल तर तेल कमी घाला.”

वांग्याची भाजी आहेच. आचाऱ्याला सांगितलंय. ताईच्या टेबलावर तिघींची नावं लिहून ठेवायची भाचीची कल्पना आहे, जशी बाकीच्यांची असतील तशीच. काकांनी अजून येतो म्हटलेलं नाही. परवा आईने त्यांना निरोप पाठवला की कराओकेत तुमचं गाणं तिसऱ्या नंबरवर धरलंय, मुकेशचं. त्यावर नाही असं काही आलेलं नाही.